तारखेसकट जपा : वाचनालयं, इतिहास मंडळं आणि संशोधन संस्थांना खुलं पत्र

प्रति,
जुनी कागदपत्रं, छायाचित्रं आणि ध्वनिमुद्रणं संगणकावर आणणाऱ्या सर्व मराठी संस्थांचे पदाधिकारी, ग्रंथपाल आणि स्वयंसेवक यांस,

स. न. वि. वि.

तुमच्याकडून येणाऱ्या फायली उघडायच्या, त्यांच्या याद्या करायच्या आणि त्या पुढच्या अभ्यासकाच्या हाती नीट पडतील असं बघायचं, हे माझं रोजचं काम. पत्र लिहायला कारण की, आपण पानं जपतो आहोत पण पानांसोबतची माहिती वाटेत सांडते आहे. ती सांडते बहुतेक वेळा फायली झिप करताना, झिप उघडताना किंवा ‘साइज कमी’ करताना. पान फाटलं तर लगेच दिसतं. फायलीची तारीख बदलली, नाव बिघडलं, आतली नोंद पुसली गेली, तर ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात येतं तेव्हा मूळ फायली कुणाकडेच उरलेल्या नसतात.

मोडी वाचणाऱ्यांना तारखेची किंमत मी काय सांगावी? पेशवेकाळातल्या कितीतरी पत्रांच्या शेवटी नुसता चंद्र, म्हणजे चांद्र महिन्यातला दिवस, आणि महिना असतो, ‘छ ७ सफर’ एवढंच (‘छ’ म्हणजे चंद्र, सफर हा हिजरी महिना). वर्ष लिहिलेलंच नसतं. मग मजकुरातले मुक्काम, माणसांची नावं, कुणाचं आजारपण, कुठल्या मोहिमेचा ओझरता उल्लेख यांवरून वर्ष बसवायचं, आणि एकानं बसवलेलं दुसऱ्यानं खोडून काढायचं. एकेका पत्राच्या कालनिर्णयावर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्या कारकुनाला दोष देता येत नाही. ज्याला पत्र जायचं होतं त्याला वर्ष ठाऊकच होतं. आपल्याकडे मात्र यंत्र आपणहून सेकंदापर्यंतची वेळ लिहून देतं, आणि आपण ती आपल्या हातानं पुसतो आहोत. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

एका संस्थेकडून एका देवस्थानच्या दफ्तराची छायाचित्रं आली. काम कित्येक महिने, वेगवेगळ्या दिवशी, दोन कॅमेऱ्यांवर झालेलं. एकेक रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी बोचकं, सोडून, कागद टिपून, परत बांधून ठेवलेला. मेहनत दिसत होती. पण सगळ्या फायलींवर तारीख एकाच दुपारची. कुणीतरी त्या आधी आकार कमी करणाऱ्या साधनातून काढल्या होत्या, त्यात कॅमेऱ्यानं लिहिलेली नोंद गेली, आणि नव्यानं तयार झालेल्या फायलींना त्या दुपारची तारीख लागली. दोन्ही कॅमेऱ्यांचे क्रमांक एकमेकांत मिसळलेले, सारख्या नावांपुढे संगणकानं कंसात ‘२’ लावलेलं. कुठलं पान कुठल्या रुमालातलं हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे ते कोणत्या दिवशी टिपलं ती तारीख, कारण रोज कोणता रुमाल सोडला याची वही संस्थेनं नीट ठेवली होती. वही आहे, पानं आहेत, दोघांना जोडणारा दुवा गेला.

हे टाळायचं तर माहिती राहते कुठे ते आधी समजून घेऊ. काही माहिती फायलीच्या पोटात असते: छायाचित्रातली एक्झिफ नोंद (कॅमेऱ्यानं आपणहून लिहिलेली तारीख, वेळ वगैरे), ध्वनिफितीतल्या तारखेचा रकाना, पीडीएफचे गुणधर्म. काही फायलीच्या बाहेर, डिस्कच्या नोंदवहीत असते: नाव, बदलल्याची तारीख, मालक, परवानग्या. आणि काही शेजारच्या छोट्या फायलीत असते. गूगल टेकआउटमधून, म्हणजे गूगलवरचा आपला साठा परत घ्यायच्या सोयीतून, फोटो उतरवले की प्रत्येक फोटोसोबत एक जेसन फाइल (साध्या मजकुरातली नोंद) येते, त्यात फोटो काढल्याची वेळ असते. लाइटरूमसारख्या फोटो-संपादनाच्या साधनांची एक्सएमपी फाइलही याच जातीची. मॅकवर बांधलेली झिप विंडोजवर उघडली की ‘मॅकओएसएक्स’ नावाचं एक फोल्डर दिसतं आणि ते कचरा समजून उडवलं जातं. बऱ्याचदा त्यात कामाचं काही नसतं हे खरं, पण मॅकवर फायलींना रंगीत टॅग लावून वर्गवारी केली असेल तर ते टॅग त्यातच असतात. शेजारच्या फायली उडवण्याआधी उघडून बघा, एवढं पुरे.

आता झिपकडे. फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअर कंपनीनं हे स्वरूप १९८९ साली आणलं. तेव्हाचं जग डॉस या जुन्या संगणकप्रणालीचं, म्हणून झिपमधली तारीखही डॉसच्याच पद्धतीची: तारखेला सोळा बिट आणि वेळेला सोळा बिट (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढी जागा). वर्षासाठी सात बिट, तेही १९८० पासून मोजायचे, म्हणून ते २१०७ पर्यंत पुरतात. वेळेच्या सोळा बिटांत तासाला पाच आणि मिनिटाला सहा दिले की सेकंदाला उरतात पाच. पाच बिटांत बत्तीसच आकडे मावतात, साठ मावत नाहीत. म्हणून सेकंद निम्मे करून लिहितात. याचा अर्थ असा की झिपच्या मूळ नोंदीत विषम सेकंद असूच शकत नाही. दहा वाजून पंधरा मिनिटं सात सेकंदांनी टिपलेलं पान सहा किंवा आठ सेकंदांचं होऊन बाहेर येतं. वरून कॅमेरा लावून भराभर पानं टिपणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं, कारण लागोपाठच्या दोन पानांची वेळ एकच होऊ शकते आणि वेळेनुसार लावलेला क्रम मोडतो. एखाद्या फायलीवर १ जानेवारी १९८० ही तारीख दिसली, तर ती बहुधा तारीख नसतेच. खरी तारीख हरवली की मोजणीची सुरुवात तेवढी उरते.

त्याहून मोठी अडचण म्हणजे ही वेळ कुठल्या देशाच्या घड्याळातली, हे त्या नोंदीत कुठेच लिहिलेलं नसतं. पुण्यात सकाळी साडेदहाला झालेली फाइल लंडनमधल्या अभ्यासकाच्या संगणकावर साडेदहाचीच दिसते, पण तिथल्या साडेदहाची. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचारचा. परदेशातली मंडळी आणि इथली मंडळी एकाच संग्रहावर काम करू लागली की दोघांच्या याद्या जुळत नाहीत, आणि फायली वेगळ्या आहेत असा समज होतो.

यावर उपाय निघालेले आहेत. झिपमध्ये जादा रकाने ठेवायची सोय आहे. इन्फो-झिपसारखी साधनं त्यात जागतिक वेळेतली तारीख लिहितात, आणि विंडोजवरचं सेव्हन-झिप त्यात एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइलव्यवस्थेची, तारीख, सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत, लिहू शकतं. पण बांधणाऱ्यानं लिहिलं तरी सोडणाऱ्यानं ते वाचायला हवं ना! संस्थेतल्या एखाद्या हुशार मुलानं पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटा प्रोग्रॅम करून दिलेला असतो. पायथॉनसोबत येणाऱ्या झिपफाइल मोड्यूलमधलं ‘एक्स्ट्रॅक्टऑल’ वापरलं तर फायलींना झिपमधली तारीख मिळतच नाही, उघडल्या क्षणाची मिळते. प्रोग्रॅम बिनचूक चालतो, एकही चूक दाखवत नाही, आणि हजारो तारखा एका फटक्यात जातात. त्या मुलाला सांगा: प्रत्येक फाइल काढल्यावर तिची वेळ वेगळी लावावी लागते.

विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. ‘डेट क्रिएटेड’ बघून काही ठरवू नका. फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली की तो रकाना नवा होतो, ‘डेट मॉडिफाइड’ मात्र जुनीच राहते. म्हणूनच तयार व्हायच्या आधीच बदललेली फाइल असा चमत्कार दिसतो.

एवढं वाचून कुणी झिप करणंच सोडून देऊ नये. इंटरनेटवरून सुट्या फायली पाठवल्या आणि समोरच्यानं ब्राउझरमधून एकेक उतरवून घेतली, तर प्रत्येकीवर उतरवल्याची तारीख लागते. गठ्ठा बांधून पाठवला तर निदान आतल्या तारखा गठ्ठ्यात राहतात. बांधणं आवश्यकच आहे, नीट बांधणं हवं आहे.

देवनागरी नावांचा प्रश्न आपला स्वतःचा आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. झिपच्या मूळ नियमांत फायलीचं नाव आयबीएम पीसीच्या ४३७ क्रमांकाच्या अक्षरसंचात असावं असं होतं. नाव युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक अक्षरसंचात, आहे हे सांगणारी खूण नियमांत आली २००६ साली, आणि ती न लावणारी साधनं नंतरही बरीच वर्षं वापरात राहिली. खूण नसली की काय होतं बघा. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट (आठ बिटांचा एक बाइट) लागतात. पहिला बाइट कायम तोच, आणि ४३७ मध्ये त्याचा अर्थ ग्रीक अल्फा. दुसरा बाइट दोनांपैकी एक, म्हणजे डोक्यावर नागमोडी रेघ असलेला लहान किंवा मोठा स्पॅनिश एन. त्यामुळे ‘सातारा दफ्तर’ या नावाच्या जागी अल्फा-एन-काहीतरी, अल्फा-एन-काहीतरी अशी लांब माळ दिसते. ती दिसली की लोक घाबरून नावंच बदलतात: फाइल एक, फाइल दोन, फाइल तीन. कृपा करून तसं करू नका. नाव गेलेलं नसतं, सगळे बाइट जागेवर असतात. साधनाला ते कोणत्या संचातून वाचायचे एवढंच कळलेलं नसतं. अक्षरसंच सांगता येईल अशा साधनानं ती झिप पुन्हा उघडली की नावं परत येतात. एकदा तुम्ही हातानं बदललीत की येत नाहीत.

लांबीचंही तसंच. लिनक्सवरच्या एक्स्ट-४ या फाइलव्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, विंडोजच्या एनटीएफएसमध्ये २५५ चिन्हं. देवनागरीला चिन्हामागे तीन बाइट म्हटल्यावर लिनक्सवर ८५ चिन्हंच बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त ही सगळी वेगळी मोजायची. गावाचं, तालुक्याचं, देणगीदाराचं आणि विषयाचं नाव एकाच फाइलनावात कोंबायची आपल्याला सवय आहे. विंडोजवर ते बसतं, आणि संग्रह लिनक्सच्या सर्व्हरवर उघडताना नेमक्या त्याच फायली बाहेर राहतात.

आणि ऱ. कऱ्हाड, गोऱ्हे, बऱ्हाणपूर यांतला ऱ. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. युनिकोडच्या हिशेबी दोन्ही समान. पण ॲपलची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावं कायम फोडूनच ठेवायची. २०१७ साली आलेली एपीएफएस दिलेलं नाव तसंच ठेवते. परिणामी जुन्या मॅकवर बांधलेल्या गठ्ठ्यातलं ‘कऱ्हाड’ आणि विंडोजवर टाइप केलेलं ‘कऱ्हाड’ डोळ्यांना अगदी एक दिसतात, पण लिनक्स त्यांना दोन वेगळी नावं मानतो. एकाच ठिकाणी दोन कऱ्हाड उभी राहतात, यादीतलं नाव सापडत नाही, आणि शोधणारा माणूस आपलं टंकलेखन तपासत बसतो. नावं जुळवण्याआधी दोन्हीकडची एका रूपात आणायची, ही सोय बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत आहे.

फायलीच्या पोटातल्या माहितीला झिप, सेव्हन-झेड, टार या गठ्ठा बांधायच्या स्वरूपांपैकी कुणीही धक्का लावत नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं तो मजकुराचाच भाग. ती जाते ‘साइज कमी’ करताना. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की एक्झिफ जातं आणि चित्रही नव्यानं दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर दोन्ही राहतात. जेपेगट्रॅन हे साधन चित्राचा एकही ठिपका न बिघडवता आकार घटवतं म्हणून अनेकांना आवडतं, पण ‘कॉपी ऑल’ असं स्पष्ट सांगितलं नाही तर ते एक्झिफ टाकून देतं. मुळात जेपेग हे आधीच दाबलेलं असतं. ते झिपमध्ये घातल्यानं जागा जवळजवळ वाचत नाही, तेव्हा तिथे दाबण्याचा आग्रह सोडून नुसतं बांधलं तरी चालतं.

ध्वनिमुद्रणाचं उदाहरण मला सर्वात जास्त टोचतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आज त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या) संकेतस्थळावर ऐकताना सोबत गायिकेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा वाचायला मिळतो, आणि म्हणून ती ओवी एका बाईची राहते. तुमच्यापैकी अनेक जण आज हातात मावणारा रेकॉर्डर घेऊन गावोगाव असंच काम करता आहात. त्यातले बरेच रेकॉर्डर वेव्ह फाइलच्या आत ‘बेक्स्ट’ नावाचा एक कप्पा ठेवतात, त्यात मुद्रणाची तारीख, वेळ आणि यंत्राचं नाव लिहिलेलं असतं. १९९७ साली युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं तो ठरवून दिला. वेव्हचं एमपी-३ केलं की तो कप्पा सहसा जातो हे एकवेळ अपेक्षित धरू. पण आवाज जराही न गमावता जागा वाचवणारं म्हणून आपण फ्लॅक वापरतो, आणि त्याचं मूळ साधनही हा कप्पा सोडून देतं, जोवर त्याला ‘कीप फॉरेन मेटाडेटा’ हा पर्याय देत नाही तोवर. आवाजाचा कण न् कण शाबूत, आणि तो कधीचा हे गायब. फ्लॅक करणाऱ्या प्रत्येक संस्थेनं हा एक पर्याय आजपासून लावावा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

टारबद्दल थोडक्यात. १९७९ च्या युनिक्समधून आलेलं, टेपवर साठवण्यासाठी केलेलं हे साधन मालक, परवानग्या, दुवे आणि बदलल्याची वेळ पहिल्यापासून नोंदवतं. त्याचं २००१ साली प्रमाणित झालेलं पॅक्स रूप सेकंदाच्या अंशापर्यंत वेळ ठेवतं, नावं यूटीएफ-८ मध्ये लिहितं आणि लांबीची जुनी बंधनं पाळत नाही. लिनक्सवरच्या जीएनयू टारला हे रूप मागावं लागतं. सेव्हन-झेड आटोपशीर आहे, वेळ जागतिक घड्याळातच नोंदवतं, पण युनिक्सचे मालक-गट ठेवत नाही, म्हणून सर्व्हरच्या बॅकअपला ते घेऊ नये. स्कॅन पाठवायला चालेल.

पण नुसत्या साधनावर विसंबू नका. कुठलंही स्वरूप वापरा, पहिली कॉपी करायच्या आधी एक साधी यादी तयार करा: फायलीचं नाव, आकार, बदलल्याची तारीख आणि वेळ, ती भारतीय वेळ आहे हा उल्लेख, आणि शा-२५६ चा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणितानं काढलेला फायलीचा ठसा. विंडोजवर पॉवरशेलमधली ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा हॅश काढून देते, लिनक्सवर ‘शा-२५६-सम’. हॅश जुळला म्हणजे सगळं जुळलं असं मात्र समजू नका. तो फायलीच्या मजकुराचा असतो. तारीख आणि नाव बदललं तरी हॅश तोच राहतो. म्हणून तारखेचा रकाना वेगळा हवाच. ज्यांच्याकडे इनामांचे, जमिनींचे कागद आहेत त्यांना हॅश आणखी एका कारणानं उपयोगी पडेल: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो.

ही यादी गठ्ठ्यातच ठेवायची एक रूढ पद्धत आहे, बॅगइट. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररीच्या कामातून ती आली आणि २०१८ साली आरएफसी ८४९३ म्हणून, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत, नोंदली गेली. रचना अगदी सोपी. एका फोल्डरमध्ये ‘डेटा’ नावाचं फोल्डर, त्यात मूळ फायली. बाहेर हॅशची यादी, आणि कुणी, कधी, कशासाठी बांधलं हे सांगणारी साधी टेक्स्ट फाइल. बॅगइट स्वतः तारखा नोंदवत नाही, म्हणून वर सांगितलेली यादी तिच्यात घालायची. त्यासाठी पैसे लागत नाहीत, खास सॉफ्टवेअर लागत नाही, आणि ती पन्नास वर्षांनी नोटपॅडसारख्या कशातही उघडेल. गठ्ठा बांधून झाला की तो दुसऱ्या संगणकावर, शक्य तर दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर, सोडून बघा. नावं, तारखा, हॅश यादीशी ताडून बघा. त्यानंतरच कॅमेऱ्याचं कार्ड पुसा.

पदाधिकाऱ्यांना वेगळी विनंती. स्कॅनिंगचं काम बाहेर देता तेव्हा करारात पानांची संख्या, डीपीआय आणि दर असतात. त्यात आणखी चार ओळी घाला: कॅमेऱ्यातून किंवा स्कॅनरमधून आलेल्या मूळ फायली जशाच्या तशा मिळाव्यात, एक्झिफ काढलेलं नसावं, सोबत तारखांची आणि हॅशची यादी असावी, आणि ती आमच्याकडे ताडून पाहिल्यावरच बिल निघेल. कंत्राटदाराला यात जड काहीच नाही, कारण हे सगळं त्याच्याकडे आधीपासून असतंच. न मागितल्यानं तो देत नाही. पीडीएफ करून मूळ स्कॅन पुसण्याची पद्धतही याच करारात बंद करता येईल.

आणि कपाटातल्या सीड्या. २००० च्या आसपास अनेक संस्थांनी स्मरणिका, पोथ्यांची छायाचित्रं, अंकांची पेजमेकरमधली मांडणी सीडीवर उतरवून ठेवली. त्या आता वाचल्या न जाण्याच्या बेतात आहेत. त्यांतल्या फायली ओढून डेस्कटॉपवर टाकू नका. आधी अख्ख्या सीडीची आयएसओ प्रतिमा, म्हणजे एका फायलीतली हुबेहूब नक्कल, करा, म्हणजे नावं, फोल्डर, तारखा सगळं सीडीवर होतं तसंच येईल; खरवडलेल्या सीडीसाठी डीडीरेस्क्यू वापरा, ते वाचता येईल तेवढं वाचून उरलेल्या जागी परत परत प्रयत्न करतं. त्या फायली श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम या मराठी टंकनसाधनांच्या जुन्या फाँटमधल्या असतील, आणि कुठला फाँट लावून बघायचा याचा पहिला अंदाज फायलीच्या तारखेवरूनच येतो. काम सुरू करायला कुणाला मदत हवी असेल, तर आधी एक सीडी निवडा, तिची प्रतिमा करा, यादी करा आणि मग पत्र धाडा. पुढचं आपण मिळून बघू.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
डिजिटल संग्रहांच्या याद्या करणारी एक कार्यकर्ती